साखरेच्या पाकात विसरण गुणांक संहतीनुसार कसा बदलतो? लेसरच्या रेषेने मोजण्याची सविस्तर पद्धत

सांगली परिसरात साखरेचा पाक कोणाला नवा नाही. कारखान्याच्या पॅनमध्ये साखरेचा स्फटिक वाढतो तेव्हा भोवतालच्या पाकातले साखरेचे रेणू त्याच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचावे लागतात, आणि पाक जसजसा दाट होतो तसतशी त्यांची ही वाटचाल मंदावते. ती नेमकी किती मंदावते, याचे उत्तर विसरण गुणांक, म्हणजे डिफ्युजन कोइफिशंट, देतो. अडचण अशी की हा गुणांक म्हणजे एकच ठरलेला आकडा नसतो. संहती, म्हणजे द्रावणातले साखरेचे प्रमाण, बदलली की तोही बदलतो, आणि पदवीच्या प्रयोगवहीत नेमकी हीच बाब बहुधा निसटते.

काही वर्षांपूर्वी माझ्या विद्यार्थ्यांच्या दोन गटांनी एकाच आठवड्यात हा प्रयोग केला. एका गटाने ४० टक्के पाकावर पाणी ठेवले होते, तर दुसऱ्या गटाने १० टक्के पाकावर. दोघांची उत्तरे जुळली नाहीत, म्हणून दोन्ही गटांनी प्रयोग पुन्हा केला, आणि उत्तरे पुन्हा तितकीच वेगळी आली. मोजमापात कोणाचीही चूक नव्हती. 'साखरेचा विसरण गुणांक काढा' हा मी दिलेला प्रश्नच अपुरा होता, कारण कोणत्या संहतीचा गुणांक काढायचा हे मी सांगितले नव्हते. तेव्हापासून मी एकच नियम पाळतो: दोन थरांमधला फरक लहान ठेवावा आणि त्यांची सरासरी संहती टप्प्याटप्प्याने वर न्यावी. पुढची सगळी पद्धत या नियमावर उभी आहे.

एका आकड्याने का भागत नाही

आडोल्फ फिक या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८५५ मध्ये विसरणाचा नियम मांडला. संहतीची प्रवणता (अंतरागणिक होणारा बदल) जितकी तीव्र तितका पदार्थाचा प्रवाह जास्त, आणि या दोहोंना जोडणारा गुणक म्हणजे विसरण गुणांक. अतिविरल द्रावणात साखरेचा प्रत्येक रेणू पाण्यात जवळजवळ एकटा असतो, त्यामुळे तिथे हा गुणांक स्थिर मानला तरी चालते. संहती वाढली की दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. पहिली, द्रवाची विष्यंदिता म्हणजे चिकटपणा वाढतो. २० अंश सेल्सिअसला पाण्याची विष्यंदिता सुमारे १.० मिलिपास्कल-सेकंद असते. २० टक्के पाकाची १.९, ४० टक्क्यांची ६.२ आणि ६० टक्क्यांची तब्बल ५८ असते. दुसरी, साखर आणि पाणी यांच्यातले आकर्षण आदर्श द्रावणापेक्षा वेगळे असल्यामुळे रेणूंना दाटाकडून विरलाकडे ढकलणारी प्रेरणा केवळ संहतीच्या फरकावरून मोजता येत नाही. साखरेच्या बाबतीत ही दुसरी बाब विसरणाला हातभार लावते. म्हणूनच विष्यंदिता अठ्ठावन्न पटींनी वाढली तरी विसरण गुणांक तितक्या पटींनी घटत नाही. केवळ विष्यंदितेवरून अंदाज बांधणारा येथे हमखास फसतो.

इथेनॉल आणि पाण्याच्या मिश्रणात चित्र उलटे दिसते. त्यातली अनादर्शता विसरणाला रोखते, त्यामुळे गुणांकाचा आलेख मध्ये खोल दरीसारखा खाली जातो. या लेखात मी एक सोयीचे एकक वापरतो: दर सेकंदाला एक चौरस सेंटिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक एकक. २५ अंशाला पाण्यातल्या अतिविरल इथेनॉलचा गुणांक सुमारे १२ एकके असतो, आणि इथेनॉलचे रेणू एकूण रेणूंच्या साधारण पाव ते तीन दशांश भागापर्यंत आले की तो सुमारे ४ एककांपर्यंत उतरतो. साखरेसाठी गॉस्टिंग आणि मॉरिस या संशोधकांनी १९४९ मध्ये प्रकाशाच्या व्यतिकरणाच्या (इंटरफेरन्सच्या) पद्धतीने अतिशय काटेकोर मोजमाप केले. त्यांच्या सूत्रानुसार २५ अंशाला अतिविरल साखरेचा गुणांक ५.२२६ एकके येतो, आणि १०० मिलिलीटर द्रावणात साखरेचा एकेक ग्रॅम वाढला की तो या मूळ मूल्याच्या १.४८ टक्क्यांनी घटतो. हे सूत्र विरल द्रावणांसाठी आहे. आपल्या उपकरणाची परीक्षा घ्यायला मात्र ते उत्तम कसोटी आहे.

तत्त्व: प्रकाशाची रेषा वाकते, ती मोजायची

व्यतिकरणमापक प्रत्येक महाविद्यालयात नसतो. ओटो वीनर याने १८९३ मध्ये वापरलेली तिरक्या प्रकाशरेषेची पद्धत मात्र आज लेसर पॉइंटर आणि काचेची कांडी यांच्या मदतीने कमी खर्चात उभी राहते. खाली दाट पाक आणि वर विरल पाक असला की मधल्या सीमेजवळ अपवर्तनांक उंचीनुसार बदलतो, आणि तिथून जाणारा प्रकाश जास्त अपवर्तनांकाच्या दिशेने, म्हणजे खाली झुकतो. ४५ अंशात तिरकी केलेली लेसरची रेषा या पेटीतून पाठवली की तिचा प्रत्येक बिंदू पेटीतल्या वेगळ्या उंचीवरून जातो. त्यामुळे पडद्यावर सरळ रेषेऐवजी मध्येच खाली ओघळलेली वक्ररेषा दिसते. ही वक्ररेषा म्हणजे त्या क्षणीची संहतीची प्रवणताच होय. सुरुवातीला ती अरुंद आणि खोल असते, आणि तासांमागून तास गेले की रुंद व उथळ होत जाते. विसरण डोळ्यांसमोर घडताना दिसणे हा या पद्धतीचा मोठा लाभ आहे, आणि विद्यार्थ्यांना मी आधी तेवढेच पाहायला लावतो.

सीमेवरच्या कमाल झुकावाचे सूत्र असे आहे:

कमाल झुकाव = मूळ गुणाकार ÷ (२ × √(पाय (π) × विसरण गुणांक × वेळ))

यात 'मूळ गुणाकार' म्हणजे पेटीची आतली जाडी (प्रकाशाच्या दिशेने), पेटीपासून पडद्यापर्यंतचे अंतर आणि दोन्ही थरांच्या अपवर्तनांकांतील फरक या तिघांचा गुणाकार. दोन्ही बाजूंचा वर्ग करून उलटवले की झुकावाच्या वर्गाचा व्यस्त वेळेच्या सम प्रमाणात वाढतो, म्हणजे त्यांचा आलेख सरळ रेषेत येतो आणि तिच्या चढावरून गुणांक मिळतो:

विसरण गुणांक = चढ × मूळ गुणाकाराचा वर्ग ÷ (४ × पाय)

या वर्गाकडे विशेष लक्ष द्यावे. पडद्याचे अंतर मोजताना एक टक्का चूक झाली तर उत्तरात दोन टक्के चूक येते, आणि अपवर्तनांकाच्या फरकातल्या चुकीचेही तसेच आहे.

पेटी आणि पाण्याची टाकी

पेटीची आतली जाडी १ सेंमी, रुंदी ४ सेंमी आणि उंची ७ सेंमी असावी. रेषा ४५ अंशात तिरकी असल्यामुळे जितकी उंची पाहायची तितकीच रुंदीही लागते. वर्णपटमापीची अरुंद पेटी म्हणूनच येथे अपुरी पडते. मायक्रोस्कोपच्या ७५ × ५० मिमीच्या मोठ्या स्लाइड समोरासमोर ठेवाव्यात, काचवाल्याकडून १० मिमी रुंदीच्या काचेच्या पट्ट्या कापून घेऊन त्या मधे बसवाव्यात, आणि सिलिकॉन सीलंटने जोड बंद करावेत. सीलंट पूर्ण सुकायला एक दिवस द्यावा, मगच पाणी भरून गळती तपासावी. दोन्ही स्लाइड समांतर आहेत का, हे व्हर्नियर कॅलिपरने चारही कोपऱ्यांत बाहेरची जाडी मोजून पाहावे. स्लाइडची जाडी वजा करून येणारी आतली जाडी वहीत मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत लिहून ठेवावी.

तापमान हा या मोजमापाचा सर्वांत मोठा शत्रू आहे. साखरेचा अतिविरल गुणांक १ अंशाला सुमारे २.४ एकके आणि २५ अंशाला ५.२ एकके असतो, म्हणजे दर अंशामागे तो साधारण तीन टक्क्यांनी बदलतो. त्याहून वाईट म्हणजे पेटीच्या एका बाजूवर ऊन किंवा पंख्याचा वारा आला तर पाकात संवहन सुरू होते, आणि मग आपण विसरण मोजत नाही, ढवळणे मोजतो. म्हणून पेटी ३०-४० लीटरच्या माशांच्या काचपेटीत, पाण्यात काठाच्या थोडे खालपर्यंत बुडवून ठेवावी. इतक्या पाण्याचे तापमान वीज तासभर गेली तरी फारसे हलत नाही. माशांच्या टाकीचा थर्मोस्टॅटवाला हीटर पाणी गरम करू शकतो, थंड करू शकत नाही, ही मर्यादा लक्षात ठेवावी. पुस्तकातल्या २५ अंशांच्या मूल्यांशी तुलना करायची असेल तर डिसेंबर-जानेवारीत प्रयोग करावा. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीच्या खोलीत २५ अंश टिकवणे कठीण, तेव्हा सरळ ३५ अंश ठरवून घ्यावेत आणि सगळी मालिका त्याच तापमानाला पूर्ण करावी. दोन वेगवेगळ्या तापमानांचे बिंदू एका आलेखावर कधीही ठेवू नयेत.

थंडीचे दिवस सोयीचे असले तरी तेच गाळपाचे दिवस असतात. आमच्या इमारतीसमोरून उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या जाऊ लागल्या की पडद्यावरची रेषा थरथरताना दिसत असे. लाकडी टेबल सोडून भिंतीत बसवलेल्या कडप्प्याच्या ओट्यावर टाकी ठेवली आणि खाली वाळूची पिशवी दिली, तेव्हा ती थरथर थांबली. तळमजल्यावरची खोली मिळाली तर उत्तमच. टाकीतले पाणी ढवळणारा पंप वापरायचा असेल तर तो टाकीला चिकटवू नये, वेगळ्या स्टँडवर लटकवावा, आणि वाचन घेताना बंद ठेवावा.

पेटी पाण्यात बुडवल्यामुळे पडद्याच्या अंतरात एक दुरुस्ती करावी लागते. प्रकाश पेटीतून बाहेर पडल्यावर टाकीतल्या पाण्यातून काही सेंटिमीटर जातो, आणि पाण्यात त्याचा कोन हवेतल्यापेक्षा लहान असतो. म्हणून हिशोबातले अंतर म्हणजे हवेतले अंतर अधिक पाण्यातल्या अंतराचा १.३३ ने भागाकार. पेटीमागे १२ सेंमी पाणी असेल तर ते ९ सेंमी धरावे.

द्रावणे

दुकानातली साखर चालते, पण मोजमापाच्या मालिकेसाठी विश्लेषण दर्जाचे सुक्रोज घ्यावे. ऊर्ध्वपातित पाणी उकळून झाकून थंड करावे, म्हणजे विरघळलेली हवा निघून जाते. हे न केल्यास ३० अंशाच्या आसपास पेटीच्या भिंतींवर बारीक बुडबुडे धरतात, आणि एखादा बुडबुडा सीमेतून वर गेला की चार तासांचे काम वाया जाते.

द्रावणे नेहमी वजनाने बनवावीत: १२ टक्के पाक म्हणजे १२.०० ग्रॅम साखर आणि ८८.०० ग्रॅम पाणी. तासगावच्या द्राक्षबागांतून आणि कारखान्यांतून दिसणारा हातातला ब्रिक्समापी (साखरेची टक्केवारी ब्रिक्समध्ये दाखवणारे उपकरण) येथे फक्त पडताळणीपुरता वापरावा. त्याची अचूकता साधारण ०.२ ब्रिक्स असते, आणि आपला फरकच ४ टक्क्यांचा आहे. दोन वाचनांतल्या चुका एकत्र आल्या तर फरकात पाच-सात टक्के आणि गुणांकात त्याच्या दुप्पट चूक शिरते. वजनावरून टक्केवारी काढावी आणि अपवर्तनांक प्रमाणित कोष्टकातून घ्यावा. २० अंशाला शुद्ध पाण्याचा अपवर्तनांक १.३३३०, १० टक्के पाकाचा १.३४७८, २० टक्क्यांचा १.३६३८, ३० टक्क्यांचा १.३८११, ४० टक्क्यांचा १.३९९९, ५० टक्क्यांचा १.४२०१ आणि ६० टक्क्यांचा १.४४१९ असतो. तापमानानुसार हे आकडे थोडे सरकतात, पण दोन जवळच्या द्रावणांमधला फरक फारच कमी बदलतो, आणि आपल्याला फरकच हवा आहे.

जोड्या अशा निवडाव्यात: ० आणि ४, ८ आणि १२, १८ आणि २२, २८ आणि ३२, ३८ आणि ४२, ४८ आणि ५२. सरासरी अनुक्रमे २, १०, २०, ३०, ४० आणि ५० टक्के येते. चार टक्क्यांच्या फरकाने घनतेत सुमारे दीड टक्का फरक पडतो, आणि खालचा थर स्थिर राहायला तो पुरेसा असतो. पाक एका दिवसात वापरून टाकावा. विरल पाकात सूक्ष्मजीव लवकर वाढतात आणि साखरेचे विघटन करतात.

थर लावणे

सगळ्या प्रयोगात हात सर्वांत जास्त याच टप्प्यावर लागतो. आधी विरल द्रावण पेटीत ३ सेंमी उंचीपर्यंत भरावे. दाट द्रावणाची बाटली त्याच टाकीत किमान अर्धा तास ठेवून समान तापमानाला आणावी. मग दाट द्रावण बारीक नळीने थेट पेटीच्या तळाशी सोडावे, म्हणजे विरल थर न ढवळता वर उचलला जातो. यासाठी सलाईनचा सेट फार सोयीचा आहे. त्याचे चाक फिरवून प्रवाह मिनिटाला वीस-पंचवीस थेंबांवर ठेवला की दाट द्रावणाचा १२ मिलिलीटर थर साधारण दहा मिनिटांत खाली बसतो. नळीचे टोक तळाला टेकलेले आणि तिरके कापलेले असावे, म्हणजे धार वर उसळत नाही. नळीतली हवा आधीच काढून टाकावी, कारण पहिला बुडबुडा नेमका सीमेतूनच वर जातो. चाळीस टक्क्यांच्या पुढे पाक इतका घट्ट होतो की बारीक नळीतून थेंब पडायला फार वेळ लागतो. तेव्हा रुंद नळी घ्यावी आणि बाटली उंच टांगावी.

भरणे थांबले की चिमटा लावावा, नळी तशीच राहू द्यावी आणि घड्याळ सुरू करावे. नळी ओढून काढली तर सीमा विस्कटते. ती पेटीच्या एका कोपऱ्यात असेल तर रेषेच्या मार्गात येत नाही.

रेषा, पडदा आणि वाचन

५ मिलिवॅटपेक्षा कमी शक्तीचा लाल किंवा हिरवा लेसर पॉइंटर स्टँडवर घट्ट बांधावा आणि त्यासमोर ४-५ मिमी व्यासाची काचेची कांडी ४५ अंशात लावावी. कांडीतून गेलेला ठिपका तिरक्या रेषेत पसरतो. कांडी पेटीच्या ५० सेंमी अलीकडे आणि पडदा पेटीच्या २०० सेंमी पलीकडे ठेवावा. लेसरमध्ये किंवा त्याच्या परावर्तनात कोणी पाहू नये, म्हणून रेषेची पातळी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या खाली ठेवावी आणि खोलीतल्या चकचकीत वस्तू झाकाव्यात.

पडद्यावर मिलिमीटरचा आलेख कागद चिकटवावा. रेषा कांडीपासून पसरत येते, त्यामुळे पडद्यावरचे आडवे अंतर पेटीतल्या अंतरापेक्षा मोठे दिसते. कांडी ते पडदा २५० सेंमी आणि कांडी ते पेटी ५० सेंमी असेल, तर हे प्रमाण ५ होते. झुकाव मात्र पेटीपासूनच सुरू होतो, त्यामुळे त्याला हे प्रमाण लागू होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत वहीत नेहमी दिसते.

आणखी एक चूक त्याहून सूक्ष्म आहे. विद्यार्थी वक्ररेषेचा सर्वांत खालचा बिंदू शोधतात आणि तिथला झुकाव मोजतात. पण मूळ रेषा स्वतःच तिरकी असते, त्यामुळे सर्वांत खालचा बिंदू आणि सर्वाधिक झुकलेला बिंदू एकच नसतात. वक्ररेषेची दोन्ही सरळ टोके पट्टीने जोडावीत, आणि या जोडरेषेपासून वक्ररेषेपर्यंतचे उभे अंतर ठिकठिकाणी मोजून त्यातले सर्वांत मोठे घ्यावे. अंतर जोडरेषेला लंब नव्हे, कागदाच्या उभ्या रेघेवर मोजायचे आहे. मोबाइल फोन स्टँडवर पडद्यासमोर बसवून दर पंधरा मिनिटांनी छायाचित्र घेतले की हे काम नंतर निवांत करता येते.

पहिला अर्धा तास हिशोबातून वगळावा. पाच मिनिटांनंतर, गुणांक ४.५ एककांच्या आसपास असताना, सीमेची अर्धरुंदी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. लेसरची रेषाच त्याहून जाड असते. शिवाय इतक्या तीव्र प्रवणतेत किरण पेटी ओलांडताना स्वतःच सुमारे ०.२ मिलिमीटर खाली सरकतो, म्हणजे तो एका उंचीवरून आत जातो आणि दुसऱ्या उंचीवरून बाहेर पडतो. तासाभरानंतर हे सरकणे नगण्य होते.

एक हिशोब सोडवून

पद्धत स्पष्ट व्हावी म्हणून काही आकडे धरून चालू. खाली १२ टक्के, वर ८ टक्के. पेटीची जाडी १.०० सेंमी, दुरुस्त अंतर २०० सेंमी, अपवर्तनांकातील फरक ०.००६२. मूळ गुणाकार १.२४ चौरस सेंमी येतो आणि त्याचा वर्ग १.५४. कमाल झुकाव एका तासाने २.६२ सेंमी आणि चार तासांनी १.३६ सेंमी मिळाला, असे समजू. त्यांच्या वर्गांचे व्यस्त अनुक्रमे ०.१४५७ आणि ०.५४०७ होतात. तीन तासांत ०.३९५० ची वाढ झाली, म्हणजे चढ तासाला ०.१३१७. त्याला १.५४ ने गुणून १२.५७ ने भागले की तासाला ०.०१६१ चौरस सेंमी मिळतात, आणि ३६०० ने भागले की सुमारे ४.५ एकके. गॉस्टिंग-मॉरिस सूत्रात १० टक्के पाकाची संहती (१०० मिलिलीटरमध्ये १०.४ ग्रॅम) घातली तर ४.४ एकके येतात, म्हणजे हे उत्तर विश्वासार्ह म्हणता येईल.

ही रेषा मूळबिंदूतून जात नाही, हेही पाहावे. शून्य वेळेला तिची उंची ०.०१४ येते, आणि तिला चढाने भागले की सहा-साडेसहा मिनिटे मिळतात. थर लावण्यात सीमा जितकी पसरली तितके विसरण आधीच होऊन गेले होते, असा याचा अर्थ. म्हणूनच एका वाचनावरून गुणांक कधी काढू नये. आठ-दहा वाचनांवरून चढच काढावा, म्हणजे ही चूक आपोआप बाजूला पडते. उशिराच्या वाचनांत झुकाव लहान असल्यामुळे अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीचा परिणाम वाढतो. लांब व्हरांडा मिळाला आणि पडदा चार मीटरवर नेता आला, तर अचूकता बरीच सुधारते.

पडताळणीसाठी वक्ररेषा आणि जोडरेषा यांच्यामधले क्षेत्रफळ आलेख कागदाचे चौकोन मोजून काढावे आणि ५ या प्रमाणाने भागावे. उत्तर मूळ गुणाकाराइतके यायला हवे, मग वेळ कोणतीही असो. ते दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त वेगळे आले तर वजन, अंतर किंवा पेटीची जाडी यांपैकी काहीतरी चुकले आहे. लेसरचा रंग कोष्टकातल्या पिवळ्या प्रकाशापेक्षा वेगळा असल्यामुळे थोडासा फरक राहतो. तो सगळ्या मालिकेत एकाच दिशेने दिसतो, आणि तेव्हा मूळ गुणाकार मोजलेल्या क्षेत्रफळाइतका धरणे योग्य. हे क्षेत्रफळ तासामागून तास घटत गेले तर पेटी गळते आहे.

मालिका आणि तिची परीक्षा

प्रत्येक जोडीचा गुणांक तिच्या सरासरी संहतीवर मांडावा. फरक लहान असल्यामुळे हे मूल्य त्या संहतीवरच्या खऱ्या गुणांकाच्या अगदी जवळ असते. ४ टक्के फरक पुरेसा लहान आहे का, हे गृहीत धरू नये; ३० टक्क्यांवर एकदा ४ टक्के आणि एकदा २ टक्के फरक ठेवून दोन्ही उत्तरे जुळतात का ते पाहावे. मालिकेचा क्रम चढता ठेवू नये. २ टक्क्यांनंतर ४०, मग १०, मग ५० असा उलटसुलट घ्यावा, म्हणजे ऋतूबरोबर खोलीचे तापमान सरकले तरी ते संहतीच्या परिणामाचे सोंग घेत नाही.

दाट पाकांना वेळ द्यावा लागतो. गुणांक जितका लहान तितका झुकाव सावकाश कमी होतो, त्यामुळे ५० टक्क्यांवरची जोडी संध्याकाळी लावून रात्रभर फोनने छायाचित्रे घेणे सोयीचे पडते. वाचने केव्हा थांबवायची, याचा नियम असा: गुणांक आणि वेळ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून त्याची चौपट एका थराच्या उंचीइतकी झाली की थांबावे, कारण त्यानंतर तळ आणि वरचा पृष्ठभाग आपला प्रभाव दाखवू लागतात.

याच पेटीत मोठ्या फरकाचा प्रयोगही करून पाहण्यासारखा आहे. खाली ४० टक्के पाक आणि वर पाणी ठेवले की वक्ररेषा स्पष्टपणे एका बाजूला कललेली दिसते: दाट बाजूला गुणांक कमी असल्यामुळे तिथे प्रवणता तीव्र राहते, आणि विरल बाजूला लांब शेपूट पसरते. बोल्ट्झमान याने १८९४ मध्ये दाखवले की अशा वेळी सगळे आलेख उंची भागिले वेळेचे वर्गमूळ या मापावर आणले तर ते एकमेकांवर बसतात. मातानो याने १९३३ मध्ये याच कल्पनेवरून एका आलेखातूनच सर्व संहतींचे गुणांक काढण्याची रीत दिली. वक्ररेषेचे क्षेत्रफळ एका टोकापासून साठवत गेले की उंचीनुसार अपवर्तनांक आणि त्यावरून संहती मिळते. मग अशी पातळी शोधावी की तिच्या वर गेलेली साखर आणि खाली कमी झालेली साखर समान भरेल, आणि उंची त्या पातळीपासून मोजावी. हव्या त्या संहतीवरचा गुणांक म्हणजे टोकापासून त्या संहतीपर्यंतच्या उंची-संहती क्षेत्रफळाला त्या बिंदूवरच्या प्रवणतेने आणि दुप्पट वेळेने भागून येणारी संख्या. चिन्ह सोडून केवळ परिमाण घ्यावे. दोन्ही टोकांजवळ मात्र क्षेत्रफळही शून्याकडे जाते आणि प्रवणताही, म्हणून तिथली मूल्ये भरवशाची नसतात. मधल्या पट्ट्यात ती लहान फरकांच्या मालिकेशी जुळली, तर दोन्ही मोजमापे एकमेकांची साक्ष देतात.

इतर मिश्रणांकडे वळताना अपवर्तनांकाचा आलेख आधी पाहावा. इथेनॉल-पाण्याचा अपवर्तनांक सुमारे तीन-चतुर्थांश इथेनॉलनंतर पुन्हा खाली वळतो, त्यामुळे त्या पट्ट्यात झुकाव नाहीसा होतो आणि ही पद्धत लागू पडत नाही. जवळच्या औषधनिर्माण महाविद्यालयात द्रव वर्णलेखन (लिक्विड क्रोमॅटोग्राफी) यंत्र उपलब्ध असेल, तर टेलरने १९५३ मध्ये मांडलेली पद्धत वापरता येते: लांब, बारीक, गुंडाळलेल्या नळीतून ठरावीक संहतीचे मिश्रण सावकाश वाहू द्यावे, त्यात किंचित वेगळ्या संहतीचा ठिपका सोडावा आणि दुसऱ्या टोकाला तो किती पसरून आला ते मोजावे. नळीच्या त्रिज्येचा वर्ग गुणिले पोहोचण्याचा सरासरी वेळ, भागिले २४ आणि पसाऱ्याचे वेळेतले प्रचरण (व्हेरिअन्स), असा गुणांक येतो. इथेही वाहत्या मिश्रणाची संहती एकेक टप्प्याने बदलत न्यायची असते, आणि ठिपक्याचा फरक लहान ठेवायचा असतो.

आलेखाच्या आडव्या अक्षावर संहती वजनाच्या टक्क्यांत आहे की १०० मिलिलीटरमधल्या ग्रॅममध्ये, हे स्पष्ट लिहावे. १० टक्क्यांजवळ हे दोन आकडे जवळपास सारखेच असतात, पण ५० टक्के पाकात १०० मिलिलीटरमागे ६१.५ ग्रॅम साखर असते. प्रत्येक बिंदूशेजारी तापमान, दोन्ही थरांची टक्केवारी, क्षेत्रफळाच्या पडताळणीचे उत्तर आणि शून्य वेळेची दुरुस्ती नोंदवावी. शून्य वेळेची दुरुस्ती पंधरा मिनिटांपेक्षा जास्त आली असेल, तर ती जोडी पुन्हा लावावी.